सुरण शिजेपर्यंत

नागपूरचा माणूस उन्हाळ्याची फुशारकी मारतो आणि थंडीचं कौतुक करतो. दोन्हीसाठी त्याला आकडा लागतो. ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं, तेव्हा शहरात जवळजवळ उत्सव होता. पुढे हवामान खात्यानं यंत्रच बिघडल्याचं सांगितलं आणि पुष्कळांचे चेहरे पडले. आपलं ऊन खोटं निघावं, याचं दुःख बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. थंडीचा आकडा मात्र अस्सल आहे. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या दिवशी यंत्र शाबूत होतं. त्या साडेतीन अंशांवर आम्ही अजून दोन पिढ्या सहज काढू.

एरवीची थंडी आठ-दहा अंशांच्या आसपास घुटमळते, आणि तीही सलग नाही. चार दिवस येते, ढग आले की जाते, पुन्हा येते. एवढ्या थंडीसाठी आमची तयारी मात्र जंगी. पेटीतून स्वेटर निघतात, डांबरगोळ्यांचा वास गल्लीभर पसरतो, आणि सकाळी फिरायला निघालेले लोक मफलरीत इतके गुरफटलेले असतात की त्यांना खोकल्यावरून ओळखावं लागतं. याच सुमाराला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं म्हणून मुंबईची मंडळी वर्षातून एकदा इकडे येतात. करार कशासाठी झाला होता, यावर विदर्भात वाद होऊ शकतो. संत्री आणि हुरड्याबद्दल कुणाचा वाद नाही.

नागपुरापेक्षा शेजारच्या कोराडीत थंडी जास्त पडते, असं आम्ही कोराडीकर मानतो. तलाव आहे, मोकळी शेतं आहेत, उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नाही. गंमत अशी की एवढी आग पेटवणारी गावंही महाराष्ट्रात फार नाहीत. इथल्या वीज केंद्राचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. आता ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत, त्यातला एकेक पूर्ण भारावर चालला की तासाला साधारण चारशे टन कोळसा खातो. आत पाचशे अंशांच्या वर तापलेली वाफ फिरत असते. तिची वीज अर्धा महाराष्ट्र ओलांडून मुंबईपर्यंत जाते आणि तिथल्या एसीत लोक चादर ओढून झोपतात. आणि या आगीपासून हाकेच्या अंतरावर आम्ही खांद्यावर शाल घेऊन, हात बगलेत खुपसून म्हणतो, "लय थंडी पडून राहिली नं यंदा!"

तेव्हा कोराडीत हिवाळ्यात दुसरी चूल पेटते. ती मागच्या अंगणात असते, तीन विटांची असते, आणि तिच्यावर कंदांचा रस्सा शिजतो.

कंदच का, याला कारण आहे. हिवाळ्यात नागपूरच्या बाजारात भाजीची कमी नसते. मेथी, पालक, चवळाई, मटार, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, तुरीच्या शेंगांचे ढीग. पण पालेभाजीचा मोठा दोष असा की ती लवकर होते. मेथी तव्यावर पडली की पाच मिनिटांत खाली येते. जाळ विझतो, माणसं आत जातात, टीव्ही लागतो. असली भाजी थंडीत काय कामाची? थंडीत अशी भाजी हवी जी कुणाचं ऐकत नाही. सुरण घातला की तो आपल्या वेळेनं शिजतो. तोवर कुणाला जाळाजवळून उठायला सबळ कारण नसतं. माझं तर स्पष्ट मत आहे की आमच्याकडे सुरण चवीसाठी केला जात नाही, मुदतीसाठी केला जातो.

आता हे कंद घरात येतात कसे, त्याचा संबंध देवीशी आहे.

कोराडीची महालक्ष्मी जगदंबा दिवसातून तीन रूपं धारण करते, अशी श्रद्धा आहे. सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी वृद्धा. देवीची लीला आहे, बोलायला जागा नाही. पण व्यवहार असा होतो की तिन्ही रूपांचं दर्शन घ्यायचं ठरवलेला नातेवाईक सकाळी येतो, रात्री जातो, आणि मधल्या वेळात आमच्याकडे दोनदा जेवतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर विचारू नका. फोन येतो तो मंदिराच्या पार्किंगमधून येतो. "इथंच होतो, म्हटलं जाऊन यावं भाऊकडे. काही करू नका बरं आमच्यासाठी." हे वाक्य बोलणारी सहा माणसं असतात.

जुलै २०२३ मध्ये मंदिराच्या परिसरात भारतीय विद्या भवनाचं रामायण सांस्कृतिक केंद्र उघडलं. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू स्वतः उद्घाटनाला आल्या होत्या. रामायणातले प्रसंग तिथं चित्रांतून मांडले आहेत. पाहण्यासारखं आहे, आणि नीट पाहायचं तर तास-दीड तास लागतो. म्हणजे पाहुण्यांना आणखी एक भूक लागते. २२ जानेवारी २०२४ ला तर याच मंदिरात नागपूरचे शेफ विष्णू मनोहर यांनी सहा हजार किलोंचा शिरा केला होता. त्यानंतर आमच्याकडे आलेले पाहुणे आमच्या गंजाकडे जरा करुणेनं बघतात.

अशा गावात राहणाऱ्यानं घरात काहीतरी टिकाऊ ठेवावंच लागतं. मेथी पाहुण्याची वाट बघत बसत नाही, दुसऱ्या दिवशी मान टाकते. म्हणून आमच्याकडे दिवाणाखाली टोपली आहे. तिथं ऊन पोचत नाही आणि झाडूही सणासुदीलाच. कळमन्याच्या बाजारातून आणलेला आलूचा कट्टा, रताळी, अळकुड्या म्हणजे आमची कोचई, आणि मधोमध सुरणाचा गड्डा. कांदे दुसऱ्या कोपऱ्यात. कांदा आणि आलू एका टोपलीत ठेवायचे नाहीत, हा आमच्या आजीचा कायदा. दोघं एकमेकांना बिघडवतात, असं ती म्हणते. जवळ ठेवले की एकाच्या ओलाव्यानं दुसरा सडतो आणि दोघांना कोंब फुटतात, हे शेतकी शिकलेलेही सांगतात. फक्त ते सांगायला त्यांना वेळ लागतो.

आलू उजेडात ठेवायचा नाही, हिरवा पडतो. तो हिरवा रंग निरुपद्रवी असतो, पण त्याच्याबरोबर सोलानीन नावाचं जे वाढतं ते कडू असतं आणि पोटाला बाधतं. आलू फ्रीजमध्येही ठेवायचा नाही. थंडीत त्याच्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. तळला तर काळपट पडतो, भाजी केली तर गोडसर लागते. आणि भाजी गोडसर लागली की नागपूरचा माणूस विचारतो, पुण्याहून कोणी आलं आहे का?

पुतण्या नववीत आहे. त्यानं एकदा टोपलीत डोकं घालून जाहीर केलं, की यात मूळ असं एकच आहे, रताळं. आलू म्हणजे खोड. सुरण आणि कोचई, तेही खोडच. पलीकडच्या कोपऱ्यातला कांदा म्हणजे पानं. "म्हणजे काका, तुमी इतके वर्षं झाडाचे खोडं खाऊन राहिले." विज्ञान बरोबर होतं. त्याच्या हातात लगेच सुरण आणि सुरी देण्यात आली, कारण ज्ञानाचा आमच्याकडे असाच सन्मान होतो.

सुरण कुणी सोलायचा, हा या पदार्थातला सगळ्यात मोठा पेच. बाकी कामांना माणसं मिळतात. लसूण सोलायला मिळतात, खोबरं भाजायला तर रांग लागते, कारण त्यात चोरून खाता येतं. सुरण समोर आला की मात्र घरातल्या प्रत्येकाला आपली जुनी ॲलर्जी आठवते. जावई असेल तर तो फोन कानाला लावून गेटपर्यंत जातो.

खाज सुटते हे खरं. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत आणि घशात टोचतात. अळूच्या घराण्यातल्या सगळ्यांचा हाच स्वभाव. आंबट पदार्थानं या सुयांचा जोर कमी होतो, म्हणून सुरणाबरोबर चिंच, कोकम, ताक असं काहीतरी असतंच. हात कोरडे ठेवून तेल लावलं की त्रास कमी. इथवर शास्त्र आणि आजी यांचं एकमत आहे. पुढे प्रत्येक घराचा स्वतंत्र धर्म सुरू होतो.

आमची वस्ती वीज केंद्रामुळे वसलेली. नोकरीनं आलेली माणसं महाराष्ट्राच्या सगळ्या कोपऱ्यांतली, काही बाहेरची. त्यामुळे अंगणात सुरण निघाला की राष्ट्रीय परिषद भरते. रत्नागिरीच्या वहिनी सांगतात, आमसुलं टाका, चिंच कशाला. जळगावच्या काकूंना आमसूल हा पदार्थ औषधात मोडतो असं वाटतं, त्या चिंचेवर ठाम. भंडाऱ्याच्या मावशी ताकात रात्रभर बुडवून ठेवायला सांगतात, आणि तेही संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे जेवण उद्या. समोर राहणारी मिश्राजी मंडळी पूर्व उत्तर प्रदेशातल्या बलियाची. त्यांच्याकडे दिवाळीला सुरण खाल्ल्याशिवाय दिवाळी होत नाही, त्यामुळे या विषयात ते स्वतःला पीठाधीश समजतात. ते फिटकरीचं पाणी सुचवतात. आमची आजी सगळ्यांचं ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "कापताना खाजेचं नाव काढू नका, बस." हा नियम पाळणं सगळ्यात अवघड. कारण नाव काढायचं नाही म्हटल्याबरोबर पाच जणांच्या कोपराला एकदम खाज सुटते.

एवढं होईपर्यंत अंधार पडतो आणि चुलीचा विषय निघतो. चूल हे आमच्या शेजारच्या काकाजींचं क्षेत्र. काकाजी बॉयलर विभागातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी दहा-बारा मजल्यांपेक्षा उंच भट्टीची आग काचेच्या भोकातून पाहिली. आता त्यांच्या ताब्यात तीन विटा आहेत. विटाही राखेच्या. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, तिच्या विटा पाडतात, सिमेंटमध्येही जाते. म्हणजे आमच्या चुलीचं अंग आधी एकदा बॉयलरमधून जाऊन आलेलं आहे. याचा काकाजींना अभिमान आहे.

चूल पेटवणं हा शब्द ते वापरत नाहीत. "लाइटअप किती वाजता घ्यायचं?" असं विचारतात. आधी पऱ्हाट्या लागतात. कपाशीच्या या वाळक्या काड्या भडकन पेटतात आणि भडकन संपतात. मग तुराट्या. त्यावर बाभळीचं लाकूड, आणि शेवटी गोवऱ्या, मंद आचेसाठी. हा क्रम चुकला की काकाजी हात वर करतात, "ट्रिप झाला. पहिल्यापासून घ्या." पुठ्ठ्यानं वारा घालणाऱ्या पोराला ते एफडी फॅन म्हणतात, म्हणजे बॉयलरमध्ये हवा लोटणारा पंखा. फुंकणी फुंकणाऱ्या मोठ्या मुलाला फॅनचा मान नाही, त्याला हेल्परच म्हणतात. धूर पाहुण्यांच्या डोळ्यांत गेला तर दोष आयडी फॅनचा, म्हणजे जो माणूस त्या बाजूला बसून धूर ओढून घेत नाही त्याचा.

"काकाजी, जाळ थोडा वाढवू का?" बाहेरून आलेला जावई नम्रपणे विचारतो.

"लोड हळूहळू वाढवा जी. एकदम वाढवला तं खालून करपते, वरून कच्चं राहते."

"पण भूक लागली आहे."

"डिमांड आहे म्हून बॉयलर फोडता का?"

काकू म्हणजे काकाजींच्या पत्नी घरातून एवढंच ओरडतात, "अहो, भाजी आहे ते, साठ मेगावॉट नाही!" काकाजी खालच्या आवाजात दुरुस्त करतात, "सहाशे साठ."

याच चुलीजवळ एका हिवाळ्यात कार्यक्षमतेवर वाद झाला. भाचा अभियांत्रिकीला आहे. त्यानं सांगितलं की तीन विटांची चूल हा शुद्ध अपव्यय आहे. लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकी हवेत. आपल्या नव्या संचांत कोळशातली चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा विजेत उतरते. गॅस आणि कुकर तर याहून उत्तम. सगळे गप्प झाले, कारण आकडे बरोबर होते. मग काकाजींनी एक गोवरी सरकवली आणि विचारलं, "बाकीचे साठ टक्के कुठं जातात?"

"चिमणीतून, कूलिंग टॉवरमधून. हवेत."

"अन् आपल्या चुलीचे नव्वद?"

भाच्यानं इकडेतिकडे पाहिलं. चुलीभोवती अकरा माणसं पाय पसरून, तळवे पुढे करून बसली होती. कुणाच्या मांडीवर पोर झोपलं होतं. आजीनं पदर गुडघ्यांवरून बाजूला करून गुडघे जाळाकडे केले होते. त्या नव्वद टक्क्यांपैकी फार थोडं वाया जात होतं. हिशेब असा धरला तर भाजी शिजते ती उरलेल्या उष्णतेवर.

सगळं न्यायानं चालतं असं मात्र नाही. कंद जमिनीतून येतात, माती घेऊन येतात. आलू चोळून धुवावे लागतात, कोचईच्या केसाळ सालीत तर अर्धं वावर असतं. हे धुण्याचं काम अंगणातल्या नळावर होतं, डिसेंबरच्या पाण्यात, आणि ते करणाऱ्या हातांत बांगड्या असतात. पुरुषांची थंडी चुलीजवळ जाते, बायकांची नळाजवळ. मागच्या हिवाळ्यात रत्नागिरीच्या वहिनींनी बंड केलं. म्हणाल्या, कार्यक्षमतेवर ज्यांना बोलायचं आहे त्यांनी आधी कोचई धुवून दाखवा. भाच्यानं धुतली. त्यानंतर त्या संध्याकाळी कुणी टक्केवारी काढली नाही.

दुपारी रामायण केंद्र पाहून आलेले पाहुणे असले की जाळाजवळ एक विषय हमखास निघतो. रामानं चौदा वर्षं कंदमुळं खाल्ली. राम आमच्या बाजूनं गेला होता यावर इथं कुणाला शंका नाही, रामटेक काय लांब आहे? मग पाहुणे विचारतात, म्हणजे हीच भाजी का? उत्साहावर पाणी टाकायला मला आवडत नाही, पण आलू दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीज वगैरे मंडळींच्या जहाजांमागोमाग आला. रताळंही अमेरिकेतलंच. आमच्या टोपलीतून हे दोघं वजा केले की वनवासात उरतात सुरण, कोचई, कोनफळासारखे रानकंद, फार तर तळ्यातली कमळकाकडी. उपासाला आपण जे आलू-रताळ्यावर ताव मारतो, ते रामायणातल्या ऋषींना दाखवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, हे काय?

पण खरा धक्का पुढे आहे. मिरचीसुद्धा अमेरिकेतलीच. म्हणजे रामाच्या काळात तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. हे ऐकल्यावर चुलीभोवती शांतता पसरते. आपल्या लोकांना मिरचीशिवाय सुरण खाण्याची कल्पना सहन होत नाही. "चौदा वर्षं?" जळगावच्या काकू विचारतात. कैकेयीबद्दलचं मत त्या रात्री आणखी वाईट होतं.

आमच्या रश्श्यात ती कसर भरून काढली जाते. कांदे जाळावर काळे होईतो भाजायचे. सुकं खोबरं, तीळ, खसखस, धणे, आलं-लसूण, सगळं पाट्यावर. मिक्सर आहे, पण त्या दिवशी पाट्याला मान असतो, विशेषतः ज्याला वाटावं लागत नाही त्याच्याकडून. मिरची भिवापुरी, भौगोलिक मानांकन मिळालेली. हळद वर्ध्याकडच्या वायगावची, तिलाही मानांकन. आणि हळद म्हणजे तरी काय, जमिनीखालचा कंदच. थोडक्यात, सरकारी कागदांनी प्रमाणित असा हा रस्सा आहे, फक्त त्यातला सुरण अनधिकृत.

तेलात वाटण परतताना गल्लीतली दारं उघडतात. ज्यांना बोलावलेलं नाही त्यांना अचानक आमच्याकडे वाटी परत करायची असल्याचं आठवतं. आधी सुरण पडतो, चिंचेच्या कोळासह. त्याला अर्धा तास एकट्याला वागू द्यायचं. मग कोचई. मग आलू, मोठ्या फोडी, सालासकट. शेवटी मूठभर ओले तुरीचे सोले, कारण विदर्भात हिवाळ्यातल्या कुठल्याही भांड्यात सोले पडले नाहीत तर ते भांडं चुकीच्या जिल्ह्यात आहे असं समजतात. तर्री वर यायला लागली की मिश्राजी कौतुकानं मान हलवतात आणि आपल्या सुनेला सांगतात, यांच्या रश्श्यात पोळी बुडवून बघ, आणि पाण्याचा लोटा जवळ ठेव.

रताळी या गंजात जात नाहीत. रताळी गोवऱ्यांच्या आरात पुरायची. इथं मला सगळ्या घाईच्या लोकांना एक शास्त्रीय गोष्ट सांगायची आहे. रताळ्यात एक विकर असतं, ते साठ-पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान स्टार्चची माल्टोज साखर करत राहतं. जितका जास्त वेळ रताळं त्या टप्प्यात रेंगाळेल, तितकं गोड होईल. मायक्रोवेव्हमध्ये ते हा टप्पा धावत ओलांडतं आणि फिकं राहतं. राखेत ते रेंगाळतं. साल फोडल्यावर कडेला जो चिकट पाक सुटलेला दिसतो, तो या आळसाचा मोबदला. फ्रीजमध्ये बिघडणाऱ्या आलूची गोडी आम्ही चालवून घेत नाही आणि राखेतल्या रताळ्याची चाटून खातो. तत्त्व वगैरे आमच्याकडे जेवणाच्या नंतर असतं.

बाकी सोबत ज्वारीच्या भाकरी, किंवा काकाजींचं मन असेल तर गोवऱ्यांवरचे रोडगे. रोडग्याला बाहेरून राख लागते, ती झटकून, तुपात बुडवून खायची. गावात राखेला तोटा नाही, पण ती राख वेगळी. कोळशाच्या राखेत कुणी रोडगा पुरत नाही. काकाजींना एकानं गमतीत सुचवलं होतं. नोकरीत कधी संतापले नसतील इतके ते संतापले. "त्या राखेचं टेंडर निघते!" म्हणाले.

खाताना एका वाक्याची सगळे वाट बघत असतात. पहिला घास गेल्यावर कुणीतरी घशाला हात लावतो. "थोडं... लागतं का?" संपलं. चिंच कमी पडली, असं जळगाव म्हणतं. आमसूल हवं होतं, असं रत्नागिरी. भंडाऱ्याच्या मावशी काहीच म्हणत नाहीत, फक्त ताकाचा पेला पुढे सरकवतात, विजेत्यासारखा. ज्याला खाज लागली तो एकटाच असतो आणि त्यालाही नक्की सांगता येत नाही की घशाला लागली की मनाला. नाव काढायचं नाही, हा आजीचा नियम जेवतानाही लागू असल्यामुळे चर्चा खुणांनी होते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, हाच संसार पुन्हा मांडतो. न खाई भोगी तो सदा रोगी, असं म्हणायचं आणि टोपलीत उरलेलं सगळं गंजात रिकामं करायचं. गाजरं, वांगी, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवेसुद्धा. त्यानंतर ऊन तापायला लागतं. महाशिवरात्रीला रताळी खाल्ली की चुलीच्या विटा भिंतीला लावून ठेवायच्या. उन्हाळ्यात एकदा हौसेनं आम्ही हाच रस्सा घरात कुकरला लावला होता. झटक्यात झाला. चव तीच, तर्री तीच. स्वयंपाकघरात त्या वेळी एकटी बायको होती आणि ती म्हणाली, एवढ्यासाठी तुम्ही अंगणात चार तास बसता?

यंदा पुतणीचा हिंजवडीहून फोन आला. तिकडेही म्हणे थंडी पडली होती, चौदा अंश. आम्ही सगळे सहानुभूतीनं हसलो. तिला कंदांचा रस्सा करायचा होता. फोन स्पीकरवर ठेवून रत्नागिरीपासून बलियापर्यंत प्रत्येकानं तिला एकेक कृती सांगितली, त्यातल्या कुठल्याही दोन जुळत नव्हत्या. आजीनं तिला नावाचा नियम सांगितला. पोरगी शहाणी, सगळं लिहून घेत होती. शेवटी तिनं विचारलं, "ते ठीक आहे, पण शिट्ट्या किती करायच्या?"

काकाजींनी फोन जवळ ओढला. "शिट्टी नाही बाई, शिफ्ट. एक पूर्ण."

तिनं पनीर मागवलं.